तपकीर गल्लीतला हेडफोन आणि चौथं कडवं

आधीच सांगते, मी या असल्या गोष्टी मानत नाही. आजही नाही. आमच्या घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या, आणि नुसत्या लावलेल्या नाहीत... वस्तीत कुणाच्या अंगात आलं की माझे वडील त्या बाईला पाणी पाजून सरळ डॉक्टरकडे घेऊन जायचे. अशा माणसाच्या मुलीला न उलगडलेल्या अनुभवांच्या या धाग्यावर लिहिताना लाज वाटायला हवी. नाही वाटत. जे झालं ते झालं, आणि मी ते लिहिणार.

आम्ही दौंडचे. वडील, यशवंत गायकवाड, रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. आणि गाणी करायचे. भीमगीतं. वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. मी दुसरीत असताना ते गेले. मागे राहिली एक कॅसेट, भीमजयंतीच्या कार्यक्रमात कुणीतरी स्टेजवर टेप ठेवून भरलेली. त्यातलं शेवटचं गाणं त्यांनी माझ्यासाठी केलेलं. तीन कडवी होतात, ढोलकी चढते आणि खट्ट... टेप संपते. अशा गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव घालतो. नेमकं तेच कडवं टेपवर आलेलं नाही. ते त्यांनी उभ्या उभ्या स्टेजवरच जुळवलं होतं, त्यामुळे कुठे लिहिलेलंही नाही. आईला मी शंभरदा विचारलं असेल. तिला आठवायचं नाही. तुझ्याबद्दल होतं काहीतरी, एवढंच म्हणायची.

पुढे मी एमसीए करायला पुण्यात आले. तेव्हा जो तो कम्प्युटर शिकत होता, आणि कोथरूडमध्ये ज्याच्याकडे एक जादा खोली, तो कॉट बेसिसवर मुली ठेवत होता. आमच्या घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. गायकवाड म्हटल्यावर त्यांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. "चला, चांगल्या घरातली दिसतेस," म्हणाल्या. मी काही बोलले नाही. हो, नाही बोलले! त्याआधी चार घरी खरं सांगून बघितलं होतं, चारही ठिकाणी जागा "कालच गेली" होती. कॉलेज सुरू झालं होतं. ही खोली गेली असती तर माझं वर्ष गेलं असतं.

खोलीत दुसरी कॉट शुभांगीची. शिरूरकडची, शेतकऱ्याघरची, माझ्याच वर्गातली. स्वभावाने मोकळी. पण तिला कळलं की ते सहज बोलता बोलता काकूंपर्यंत जाणार, हे मला माहीत होतं. आणि ती कॅसेट ऐकल्याशिवाय माझं अभ्यासात डोकं लागत नसे. लहानपणापासूनची सवय, काय करणार?

म्हणून हेडफोन. वॉकमनबरोबर आलेला स्पंजवाला हेडफोन इतका भिकार होता, की मला ऐकू यायचं त्यापेक्षा खोलीला जास्त ऐकू यायचं. शुभांगी म्हणाली, कानात घालायचे छोटे घे. तेही करून बघितलं. स्वस्तातले असले की आठवड्यात एक कान बंद पडतो, आणि जिना उतरताना दोन्ही गळून पडतात. मला हवे होते पूर्ण कान झाकणारे, गादीवाले. ते चांगल्या कंपनीचे घेण्याची ऐपत नव्हती, स्कॉलरशिप नेहमीप्रमाणे रखडलेली. मग मंडईच्या बसने इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली.

तिथे मी एक वेगळंच सुरू केलं. हेडफोन दुकानदाराच्या डोक्यावर चढवायचा, वॉकमनचा आवाज फुल करायचा, आणि त्याच्या कानाशी माझा कान नेऊन बाहेर काय येतंय ते ऐकायचं. टेस्टिंगला अर्थातच सिनेमाची कॅसेट. चौथ्या हेडफोननंतर त्या गृहस्थांनी तो काढून काउंटरवर ठेवला.

"मॅडम, लोक हेडफोन घेतात ते ऐकू यावं म्हणून. ऐकू येऊ नये म्हणून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

शेवटी एक पसंत पडला. कंपनीचं नाव नाही, रेक्झिनची टणक गादी, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि कान असा आवळायचा की तासाभरात लाल. पण बाहेर चकार शब्द जायचा नाही. खोलीवर आल्यावर सिनेमाचीच कॅसेट लावून तो शुभांगीच्या डोक्यावर चढवला आणि पुन्हा तपासलं. मी शेजारच्या कॉटवर बसले, तिकडे फुल आवाज, इकडे काही नाही. मग निर्धास्तपणे वडिलांना ऐकायला लागले.

काही आठवड्यांनी शुभांगी कपड्यांच्या घड्या घालता घालता गुणगुणत होती. चाल वडिलांची.

पहिला संशय माझ्यावरच. वाटलं, मीच ऐकताना गुणगुणत असणार. आडून आडून विचारलं, तर म्हणाली, तू ऐकताना तोंड शिवल्यासारखी बसतेस, कसली गुणगुणतेस! मग संशय हेडफोनवर. तावातावाने दुकानात गेले. दुकानदाराने तो निमूटपणे डोक्यावर चढवला, पुन्हा तपासायला लावलं, आणि मैत्रिणीचे कान तपासून घ्या असा सल्ला दिला. आवाज खरंच बाहेर येत नव्हता. शेवटी मी ऐकणंच बंद केलं. कॅसेट ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. परीक्षेपर्यंत कळ काढू म्हटलं.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी काकू गॅलरीत मटार सोलायला बसल्या होत्या आणि आम्ही दोघी त्यांना मदत करत होतो. बोलता बोलता शुभांगी गायला लागली. या वेळी शब्दांसकट. पहिलं कडवं, दुसरं. मला ओरडून तिला थांबवायचं होतं, पण थांबवलं तरी संशय येणारच. तिसरं कडवं संपलं. मी मनात म्हटलं, सुटले, इथे टेप संपते.

ती थांबली नाही. मटार सोलत, मान खाली घालून, पुढे गात गेली:

"यशवंत म्हणे, लेकी, कुणी विचारील नाव,
भीमाचं सांग आधी, मग सांग माझं गाव..."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते कडवं माझ्यासमोर मटाराच्या टरफलांत बसून कुणी भलतंच म्हणत होतं.

काकूंनी मटारचं पातेलं बाजूला सरकवलं. हे कसलं गाणं, असं त्यांनी शुभांगीला विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही, तोंडात आलं, हिच्या टेपमधलं असेल. काकू माझ्याकडे वळल्या.

"तुझ्याकडे असली टेप कशी?"

मैत्रिणीची आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलेलंही. पण वडिलांनी नुकतंच काय सांगितलं होतं ते ऐकल्यावर मला ते म्हणवेना.

"माझ्या वडिलांचं गाणं आहे, काकू. त्यातला यशवंत तो माझा बाप. आम्ही बौद्ध आहोत."

आवाज जरा मोठाच निघाला. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने कपडे वाळत घालता घालता वळून बघितलं. बघू दे म्हटलं.

काकूंनी मटारचं पातेलं उचललं आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तुम्ही दुसरीकडे जागा बघा." तोपर्यंत मला अगं-तुगं करत होत्या. कुणी 'तुम्ही' म्हटल्याचा एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. ट्रंक भरताना शुभांगी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, बघतेयस तर दोन कॉटचीच बघ. त्या दिवशी मी तिच्या गळ्यात पडून रडले. जागा बिबवेवाडीत मिळाली. वर्ष गेलं नाही. फर्स्ट क्लास मिळाला, काकू वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतेय.

त्या रविवारनंतर शुभांगीला गाण्याचा एक शब्दही आठवला नाही. टेपवर घ्यायला बसवलं, तर चालसुद्धा येईना.

मग मी दौंडला गेले. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी काहीच सांगितलं नाही. नुसती पहिली ओळ म्हटली, यशवंत म्हणे लेकी, कुणी विचारील नाव... आईने तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात ती म्हणाली,

"भीमाचं सांग आधी, मग सांग माझं गाव."

आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. कितीतरी वेळ.

आता खाली शहाणे येतीलच. मला लहानपणी ऐकलेलं आठवत असणार, मी झोपेत बरळत असणार, वगैरे. त्या कार्यक्रमाला मी नव्हते. गोवर आला होता म्हणून मला आत्याकडे ठेवलं होतं. वडिलांनी ते कडवं नंतर कधी म्हटलं नाही, असं आई सांगते. शुभांगीने त्याआधी दौंड पाहिलं असेल तर रेल्वेच्या खिडकीतून. भूत, आत्मा असले शब्द इथे कुणी वापरू नयेत, माझ्या वडिलांना ते चालले नसते.

हे कसं झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. काकूंनी जे विचारलं त्याचं होतं, आणि ते मी दिलं.