बांधलेलं बटण

परवा फोनवर तू म्हणालास, गोदामातल्या नव्या नोकरीत पहिले दोन दिवस नुसते सुरक्षेचे व्हिडिओ दाखवले, झोप येत होती. तुझी बहीण मागून हसली. म्हणून तुम्हां दोघांसाठी हे लिहिते आहे.

आपल्या खालच्या मजल्यावरची बाई तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला तिनं तुम्हाला करवंदं दिली होती. ती अंबरनाथला एका कारखान्यात पावर प्रेसवर बिजागऱ्या काढायची. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण तसं करून टार्गेट पुरं होत नाही. म्हणून तिथल्या बायका कामावर आल्या की एक बटण चिंधीनं आवळून बांधत आणि मोकळ्या हातानं पत्रा सरकवत. चिंधी घरून आणायची. जिची गाठ सैल, तिला बाकीच्या चिडवत, "काय गं, नवऱ्यालापण अशीच बांधतेस? मग पळणारच तो!" खंडेनवमीला मशीन पुसून हार घालायचा तेवढ्यापुरती चिंधी निघे.

एका दुपारी तिचा फोन आला. "काकू, हे टेम्पो घेऊन नाशिकला गेलेत. तुम्ही याल का?"

मी उल्हासनगरला कामगार विम्याच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा ती बाकावर बसली होती. उजव्या हाताला कारखान्याजवळच्या दवाखान्यात बांधलेली पट्टी, ती लाल झालेली. प्रेसखाली दोन बोटं गेली होती. शेजारी तिचा सुपरवायझर. तो तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, चामटोली गावचा. त्यानंच तिला तिथे चिकटवलं होतं. तो तिला घोट घोट पाणी पाजत होता आणि हळू आवाजात समजावत होता.

"वहिनी, घरी विळीवर कापलं म्हणा. घरचं म्हटलं काय नि कामावरचं म्हटलं काय, इलाज इथे फुकटच आहे."

"डॉक्टरला कळेल ना, भावजी."

"कळू दे. तो काय बघायला येणारे? पण कारखान्याचं नाव निघालं तर फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल. बटण कुणी बांधू दिलं, विचारेल. शेठ मलाच पुढे करेल. दोन पोरी लग्नाच्या आहेत माझ्या."

मी म्हटलं, "कामावरची जखम ठरली तर तिला पेन्शन मिळेल. घरची म्हटली तर काही नाही."

"काकू, बटण तिनंच बांधलं. मग कायदा काय देणार?"

तिला तर ते पटूनच गेलं होतं. "माझीच साडी फाडली, मीच गाठ मारली," ती म्हणाली. "हक्क कुठल्या तोंडानं मागू?"

आत डॉक्टरबाईंनी सुपरवायझरला बाहेर थांबायला सांगितलं, मला राहू दिलं आणि पट्टी सोडली. "कुठे लागलं?"

"विळीवर."

"विळीनं कापतं. हे चिरडलंय."

तिनं बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "प्रेसवर. पण बटण मीच बांधलं होतं, मॅडम."

"कशासाठी?"

"टार्गेटसाठी."

"म्हणजे मालकाच्याच कामासाठी ना? मग चूक तुमची असली तरी जखम कामावरचीच."

तिला पेन्शन लागली, फार नाही. इन्स्पेक्टर येऊन गेला आणि शेठनं सुपरवायझरला काढून टाकलं. शेठला काही झाल्याचं मी ऐकलं नाही. पन्नाशीतल्या सुपरवायझरला पुन्हा कुणी कायम कामावर घेईना. आता तो मिळेल ती हमाली करतो. यंदा चामटोलीहून तिला गणपतीचं बोलावणं आलं नाही. सासू तोंडावर म्हणाली, "दोन बोटांपायी भावाभावांत वाकडं आणलंस." नवरा ऐकत बसला.

मागच्या आठवड्यात ती वर आली. भाकरी अजून नीट थापता येत नाही, म्हणून काढलेलं पीठ परत डब्यात ठेवून आली होती. मला म्हणाली, "काकू, विळीवरच म्हणाले असते तर बरं झालं असतं का हो?"

"नाही," मी म्हटलं. "तू खरं सांगितलंस तेच बरोबर होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आणखी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मग उठली आणि डाव्या हातानं कठडा धरत जिना उतरली.