सीतारामचं अस्वल

चंपाला त्या अस्वलाची किळस यायची. दीड हात उंच, प्लास्टरचं, आतून पोकळ. अंगावर लाल जाकीट, एका पंजात फेसाळता पेला आणि तोंडावर असं निर्लज्ज हसू की बघणाऱ्याचं डोकंच फिरावं. कुठल्याशा विलायती बिअर कंपनीनं जाहिरातीसाठी ते फोर्टातल्या एका बारच्या काउंटरवर बसवलं होतं. दारूबंदी आली, बार बंद पडला, आणि तिथला वेटर सीताराम, म्हणजे चंपाचा नवरा, ते बगलेत मारून वरळीच्या चाळीत घेऊन आला. नोकरी गेली की माणसं डोक्याला हात लावून बसतात. ह्यानं बायकोच्या उरावर सवत आणून बसवली.

अस्वलाच्या पोटात हातभट्टीच्या दारूनं भरलेला रबरी फुगा असायचा. चंपाला ते ठाऊक होतं, कारण नवसागराचा तो सडका वास गोधड्यांत, पिठात, मुलीच्या केसांतसुद्धा शिरला होता. वास मारायला सीताराम अस्वलापुढे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावायचा. 

मग बौद्ध धम्माच्या दीक्षेचा दिवस आला. दारू पिणार नाही, ही शपथ सीतारामनं सगळ्या चाळीत मोठ्यांदा घेतली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातही त्याचा घसा असाच साऱ्यांच्या वर असे. चंपाच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं. घरी आल्या आल्या त्यानं अस्वलापुढे उदबत्ती पेटवली.

पुढच्या रविवारी चाळीतली मंडळी घरोघरचे जुने देव गोळा करत निघाली. ते समुद्रात सोडायचे होते. पुढे रामजीबाबा, चाळीतले सगळ्यांत वडीलधारे. चंपानं फडक्यात बांधलेले देवांचे टाक त्यांनी घेतले, आणि त्यांची नजर अस्वलापुढच्या उदबत्तीच्या राखेवर गेली.

“सीताराम, ह्यो कुठला देव रे?”

इतक्या लोकांसमोर तरी हा माणूस खरं बोलेल, एवढीच चंपाची आशा होती.

“घरचाच हाय बाबा,” सीताराम खाली बघत म्हणाला. “आमच्या आज्याच्या टायमापासनं. ऱ्हाऊ द्या, मी सोता सोडून येतो संध्याकाळच्याला.”

दारूपेक्षा ह्या बोलण्याची चंपाला जास्त शिसारी आली. शपथ मोडली ती मोडली, वर मेलेल्या आज्याच्या माथी हे जाकीटवालं जनावर मारलं! तिनं अस्वलाचा कान धरला, फरफटत गॅलरीत आणलं आणि बुडातून हात घालून फुगा बाहेर ओढला.

“बघा ह्यांचा देव!”

अस्वलाच्या बुडाच्या तुटक्या कडेला अडकून फुगा टरकन फाटला आणि पिवळट धार लागली. बायकांनी नाकाला पदर लावले. रामजीबाबा दोन पावलं मागं सरले.

सीताराम गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. लाजला असेल, भोक बुजवत असेल, असं चंपाला क्षणभर वाटलं. त्यानं धारेखाली ओंजळ धरली होती. ती भरली तशी सगळ्यांदेखत तोंडाला लावली.

चंपानं मुलीचं तोंड आपल्या पोटाशी फिरवून धरलं.