कालच्या प्लेटलेट

दिग्रसमधली माझी रक्त तपासायची लॅब दहा वर्षं एकाच कॉम्प्युटरवर चालली, आणि त्याने कधी मला 'तुम्ही कोण' म्हणून विचारलं नाही. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं, इंटरनेट नसलं तरी रिपोर्ट निघायचे. मग त्यात काहीतरी बदललं आणि रोज सकाळी 'ऑनलाइन खातं उघडा' अशी पाटी यायला लागली. खाली 'नंतर' असं बटण होतं. दोन महिने मी तेच दाबत राहिले. रक्त काढायचं सोडून खाती कोण उघडत बसेल?

त्या सकाळी ते बटणच नव्हतं; खातं उघडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं.

समोरच्या बाकावर तांड्यावरची एक बाई भिंतीला डोकं टेकून बसली होती. आदल्या दिवशी ती आणि तिची जाऊ, दोघी तापाने फणफणत आल्या होत्या. दोघींचं रक्त तपासून आकडे मी कॉम्प्युटरात टाकले. बस सुटत होती म्हणून रिपोर्ट उद्या नेतो सांगून त्या गेल्या. आज हिला जास्त वाटलं म्हणून डॉक्टरांनी पुन्हा पाठवलं होतं, एकटीला. प्लेटलेट सत्तर हजार निघाल्या. मी डॉक्टरांना फोन केला.

"काल किती होत्या, ताई?" त्यांनी विचारलं.

काल ऐंशीच्या घरात असतील तर इथेच सलाईन लावून भागणार होतं. त्याहून बऱ्याच जास्त असतील तर एका दिवसात कोसळल्या, म्हणजे तडक यवतमाळ. त्यांच्याकडे पाच मिनिटांची मुदत मागून मी फोन ठेवला. मशीन जुनं, मागचं काही ठेवत नाही. कालच्या नळ्या कचऱ्यात गेलेल्या. आणि कॉम्प्युटरात सगळं असतं म्हणून रजिस्टर लिहिणं मीच शहाणपणा करून बंद केलं होतं.

खातं उघडायचं तर ईमेलवर कोड येणार, आणि सॉफ्टवेअर घेताना दिलेलाच ईमेल हवा. आमच्याकडे नवा मोबाईल घेतला की ईमेल दुकानदार काढून देतो. पासवर्ड तोच ठरवतो, नंबरही स्वतःचाच टाकतो. आपण 'झालं का, भाऊ?' एवढंच विचारतो. अर्ध्या दिग्रसचे ईमेल त्या एका माणसाच्या खिशात आहेत, माझाही. दुकानातून कळलं, तो पुसदला गेलाय. त्याचा फोन लागत नव्हता. आठ वेळा लावला.

"मले घरी जाता येईन ना, मॅडम?" बाईने विचारलं. "लहान लेकरू हाय."

मला ऐंशी हजार आठवत होते. स्पष्ट आठवत होते, आकडा डोळ्यांसमोर दिसत होता. पण दोघींपैकी कोणाचे? हिचेच, असं मन सांगत होतं, आणि हिचेच असावेत असं मला वाटत होतं, कारण मग ती सलाईन संपल्यावर घरी गेली असती. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा 'ऐंशी' तोंडात तयार होतं. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

"सर, मले पक्कं नाही आठवत," मी म्हटलं.

ते म्हणाले, घसरल्या असंच धरू, यवतमाळला पाठवतो. तिचा नवरा गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला.

दुकानदार दुपारी सापडला. त्याने कोड सांगितला, पडदा उघडला. तिच्या कालच्या प्लेटलेट एक लाख साठ हजार होत्या. वाचली, वाचली, असं मी स्वतःशीच पुटपुटले.

मग खालची ओळ दिसली. ऐंशी हजार जावेचे होते. काल ऐंशी. आज किती, कोणाला माहीत? सकाळपासून मला त्या दुसऱ्या बाईची आठवणही झाली नव्हती.

तांड्यावर फोन लावला. सासूने उचलला.

"ताप उतरला तिचा," ती खुशीत म्हणाली. "कापूस वेचाले गेली."

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. मी विचारलं, कोणाच्या शेतात? सासूला ते ठाऊक नव्हतं. वेचणाऱ्या बायांना न्यायला दूरच्या गावाची गाडी आली होती, आणि ती सकाळीच निघून गेली होती.