चांदण्यात लाल बादली

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, एकतीस वर्षं नाटकांना प्रकाश देत आले आणि त्यातली तीस वर्षं चिडलेले होते. उरलेलं एक वर्ष त्यांना कावीळ झाली होती, तेव्हा चिडायची ताकद नव्हती.

चिडायचं कारण एकच, निळा कागद. दिव्यापुढे जिलेटिनचा रंगीत कागद लावला की रंगमंचावर त्या रंगाचा उजेड पडतो. दिग्दर्शक कुणीही असो, "इथे चांदणं हवं" म्हणाला की निळा कागद, हे ठरलेलं. नायक-नायिका भेटली, लाव निळा. आई मुलाची वाट बघतेय, लाव निळा. कवी मरायला टेकलाय, तरीही निळाच, फक्त जरा गडद. "हे चांदणं नाही, दौत सांडलीय," असं भावोजी म्हणायचे. अंधाराची तीच गत. अंधार म्हणजे मरण, अंधार म्हणजे निराशा, मारा ब्लॅकआऊट. अंधारात माणूस सुखानं झोपूही शकतो, हे एकाही लेखकाला कसं सुचत नाही, असं ते विचारायचे. विचारायचे मला. मी काय सांगणार? मी पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त कारकून.

त्यांच्याकडे पुरावा होता. लग्नानंतर ते आणि ताई गच्चीवरच्या एका खोलीत राहायचे. दाराबाहेर पाण्याची लाल बादली असायची. एका पौर्णिमेला ताई बाहेर गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, आपली बादली कुणीतरी बदलली! ही काळी आहे!" शेजारणीशी भांडायला ती खाली उतरणार, एवढ्यात भावोजींनी बादली आत दिव्याखाली आणली. लालभडक. परत बाहेर नेली, काळी ठिक्कर. त्या रात्री दोघांनी घरातल्या सगळ्या वस्तू एकेक करून गच्चीवर नेऊन बघितल्या म्हणे. तेव्हापासून भावोजींचं एकच म्हणणं. चांदण्याला स्वतःचा रंग नसतो, ते दुसऱ्याचा रंग काढून घेतं. आणि ताईला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "माझं खरं चांदणं पडेल तेव्हा तुला नाटकाला नेईन. तोवर शाई बघायला येऊ नकोस." एकतीस वर्षं ती गेली नाही. ओळखीच्या बायका विचारायच्या, नवरा नाटकात आणि तुम्ही कशा कधी दिसत नाही? ती म्हणायची, "दिव्याखाली अंधार."

यंदा नाट्यगृहात संगणकावर चालणारे दिवे येणार होते आणि हंगाम संपला की भावोजी घरी बसणार होते. म्हणजे उरलं एक नाटक. त्याच्या दिग्दर्शकाला आम्ही प्रतीकराव म्हणायचो, कारण त्याच्या तोंडून दर दोन वाक्यांनी प्रतीक हा शब्द पडायचा. नाटकात शेवटून दुसरा प्रवेश अंगणातला होता. बायको लाल शाल पांघरून उभी, नवरा घर सोडून चाललेला, वर चांदणं, आणि हे सगळं अकरा मिनिटं.

"लाल शाल हे प्रेमाचं प्रतीक," प्रतीकराव तालमीत म्हणाला. "चांदणं हे आशेचं. निळ्यात लाल कसं उठून दिसेल!"

"उठून दिसणार नाही. काळी दिसली पाहिजे," भावोजी म्हणाले.

"काळी? काका, मग प्रेक्षकाला प्रेम कसं कळणार?"

"ते गेलंय हे कळेल. नवरा चाललाय ना घर सोडून?"

प्रतीकरावानं डोक्याला हात लावला. पण शाल पांघरणारी नटी शहाणी होती. ती म्हणाली, "एकदा करून तर बघू."

भावोजींकडे एक पत्र्याची पेटी होती. दिव्याच्या धगीनं रंग उडालेले निळे कागद लोक फेकून देतात. भावोजी ते त्यात जपून ठेवायचे. काही विटक्या ताकासारखे, काही नुसतेच मळके. त्यातले तीन निवडून त्यांनी मागे एक फिका हिरवा लावला, दिवा अगदी मंद केला आणि एकाच बाजूनं सोडला. नटीच्या खांद्यावरची शाल विझली. ती हात फिरवून फिरवून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर अंगावर येतंय." मग तिनंच हट्ट धरला. प्रतीकराव नाइलाजानं म्हणाला, "ठीक आहे. पहिला प्रयोग तुमच्या पद्धतीनं. एकच हं, काका."

भावोजींनी घरी येऊन ताईला पहिल्या प्रयोगाचं तिकीट दिलं. तिकीट विकत घेतलं होतं, पास नाही. ती ठेवणीतली साडी शोधायला लागली आणि हे स्वयंपाकघरात उगाच डबे इकडचे तिकडे करत बसले.

आता माझं काम सांगतो. नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला, काचेआड, लाईटची खोली असते. तिथे दिवे कमी-जास्त करणारे जुने डिमर सारखे घूं घूं करतात. त्या आवाजानं भावोजींचे कान कधीचेच कामातून गेले होते. म्हणून निवृत्तीनंतर मी त्यांच्या शेजारी बसायचो. छोट्या स्पीकरवर संवाद ऐकायचे, मांडीवरच्या संहितेतल्या ओळीवर बोट ठेवून पुढे सरकायचं आणि खुणेचा शब्द आला की त्यांच्या खांद्यावर थाप मारायची. थाप पडली की डिमरची दांडी खाली. यात विचार नाही, चर्चा नाही. अंगणाच्या प्रवेशाचा खुणेचा शब्द होता "अंधार". बायकोचं शेवटचं वाक्य, "आता अंधार झाला तरी चालेल," की थाप, की काळोख.

पहिला प्रयोग दुपारी चारचा. ताई सातव्या रांगेत. प्रवेश सुरू झाला आणि भावोजींनी दांडी हळूहळू वर नेली. ते चांदणं पडलं. नवऱ्याचं काम करणारा नट मोठा हौशी होता. लेखकानं लिहिलेलं त्याला नेहमीच कमी वाटायचं. मिनिटभरातच तो स्वतःच्या पदरचं बोलला, "आपल्या दोघांत हा केवढा अंधार आहे!"

मी थाप मारली.

सगळं काळं झालं. नजर संहितेवर नेली तर बोट प्रवेशाच्या पहिल्याच पानावर. दहा मिनिटांचा प्रवेश बाकी होता. भावोजी परत दांडीला हात घालणार, तेवढ्यात प्रतीकराव धापा टाकत खोलीत आला आणि त्यानं त्यांचं मनगटच धरलं. "राहू द्या! राहू द्या, काका! ऐका, कशी शांतता आहे!" नट बिचारे काळोखातच संवाद म्हणत राहिले. नटीचा आवाज थरथरत होता, कारण तिला विंग सापडत नव्हती. प्रवेश संपला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, अंधाराचं प्रतीक इतक्या धीटपणे आजवर कुणी वापरलं नव्हतं. झालं! नटाचं ते वाक्य संहितेत पक्कं झालं. पुढचे सगळे प्रयोग तो प्रवेश काळोखात. भावोजी भांडले, हातापाया पडले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे कुत्र्याचा सत्कारही झाला. पत्र्याची पेटी पुन्हा उघडली नाही.

पण खरा घाव घरी बसला. पहिल्या प्रयोगानंतर त्यांनी ताईला नुसतं विचारलं, "बघितलंस?"

"अंधार फार छान केलात हो," ती म्हणाली. "त्याच्या आधी मात्र जरा वेळ व्होल्टेज कमी झालं होतं का? शाल धड दिसेना. आणि तुमचं ते चांदणं आलंच नाही."

भावोजी हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. मी पाणीपुरवठ्यात जन्म काढलेला माणूस, पण नळ बंद करा म्हणायची माझी छाती झाली नाही.

परवा त्यांचा निरोप समारंभ झाला. मानपत्र मिळालं, "अंधाराचा किमयागार". छापलंय निळ्या शाईत. घरी परतताना ते रिक्षात मांडीवर पालथं ठेवून बसले होते. एवढ्या दिवसांत त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नव्हता, त्याचाच मला जास्त त्रास होत होता. अर्ध्या रस्त्यात त्यांनी विचारलं, "एक सांग. त्या दिवशी बोट कुठे होतं तुझं?"

दोन महिने मी उत्तर तयार ठेवलं होतं, की पान चिकटलं, चष्मा घसरला. तोंडातून निघालं भलतंच.

"बोट तिथेच होतं. मीच बघत नव्हतो. शालीकडे बघत होतो."

भावोजी माझ्याकडे वळले. "काळी दिसली?"

"बादलीसारखी."

रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर एक सणसणीत थाप मारली. "मग गाढवा, अजून दहा मिनिटं बघत बसायला काय झालं होतं तुला?"