स्वप्नाली आणि हट्टी कम्पायलर

सारंगखेड्याच्या स्वप्नालीचं घरात कुणाशी भांडण नाही. तिचं सगळं भांडण हास्केलशी. ही कम्प्युटरची भाषा; पुण्याच्या कंपनीचं काम ती घरी बसून त्याच भाषेत करते.

यंदा घोडेबाजारासाठी तिने हौसेने एक प्रोग्राम लिहायला घेतला. एका यादीत घोड्यांची नावं, दुसरीत त्यांची उंची. नवा घोडा पडद्यावर सगळ्यात वर दिसावा, म्हणून दोन्ही याद्या उलट्या करायच्या. यादी उलटवणारं फंक्शन हास्केलमध्ये तयारच असतं, ते कसल्याही यादीला चालतं. स्वप्नालीने आपलं एक फंक्शन रचलं: त्याला असं एखादं फंक्शन द्यायचं, ते दोन्ही याद्यांवर चालवेल. लिहिलेला प्रोग्राम तपासून घेणाऱ्या कम्पायलरने साफ नकार दिला. आत आलेलं फंक्शन एक तर नावांचं, नाहीतर आकड्यांचं. दोन्हींचं कसं असेल?

"अरे, बाहेर दोघांना चालतं, मग माझ्याकडे आल्यावरच का अडतोस?" स्वप्नाली ओरडली.

सासूबाई गजराबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. शाळेत शिकवून आलेला तिचा नवरा नवनीत नुकताच चपला काढत होता. त्यांनी लेकालाच धरलं, "काय करं रे तू तिले?"

"चुकनं मन्हं," नवनीत म्हणाला. काय चुकलं, हे त्याने विचारलं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

फंक्शनला कुठल्या प्रकारच्या गोष्टी द्यायच्या, हे सांगणारी ओळ स्वप्नालीने पुन्हा लिहिली. आत येणाऱ्या फंक्शनच्या प्रकाराला कंस घातला आणि कंसाच्या आत 'फोरऑल' लिहिलं, म्हणजे येणारं फंक्शन कुठल्याही यादीला चालायलाच हवं. या सोयीची परवानगी फाइलच्या माथ्यावर मागितली. कम्पायलर मुकाट झाला.

नवनीतला हुरूप आला. "सगळ्या घोड्यांची उंची बोटभर वाढवणारं फंक्शन दे ना. मामाची घोडी जरा बुटकी शे."

तिने देऊन पाहिलं. कम्पायलरने ते लगेच परत केलं: हे फक्त आकड्यांना चालतं, नावांत बोटभर काय मिळवणार? स्वप्नाली इतकी खूश झाली, की नवनीतला वाईट वाटलं.

बाजारात पडदा झकास चालला. फक्त छगन घोडेवाला चिडला. सकाळी आधी नोंद करूनही त्याची घोडी तळाला गेली होती. दुपारी तो तीच घोडी नव्या नावाने नोंदवून गेला. स्वप्नालीने दोन्ही नावांची उंची पाहिली. जेवणानंतर घोडी दोन बोटं वाढली होती.