सात तारा, एक गळा

माझ्याकडं सात तारांची इलेक्ट्रिक गिटार आहे आणि तापट डोकं आहे. दोन्हींचा त्रास सगळ्यात जास्त सोसला तो आमच्या बँडच्या गायकानं. तो माझा कॉलेजपासूनचा दोस्त. बिडकीनकडं एका कंपनीत नोकरी करतो आणि रविवारी आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी, वरच्या खोलीत येऊन गातो. आठ वर्षं झाली. शेजाऱ्यांच्या मते आमचं गाणं म्हणजे नुसता गोंगाट आहे.

गेल्या वर्षी त्याच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाण्याचं सांगता येत नाही. चार महिन्यांनी तो प्रॅक्टिसला आला. आमचं सगळ्यात जुनं गाणं घेतलं. सुरुवात जमली, पण ध्रुवपदाला वर चढताना आवाज फाटला. दुसऱ्यांदा फाटला. तिसऱ्यांदा त्यानं माईक खाली ठेवला.

"तुम्ही दुसरा बघा यार," तो म्हणाला. "अपने से नाय होणार आता."

मला भीती वाटली की मी चिडतो, ही माझी जुनी खोड. "गप बस, ट्यूनिंग खाली घेतो," म्हणालो आणि सातवी, सगळ्यात जाड तार दोन पायऱ्या उतरवली. हे मी इंटरनेटवर बघून शिकलेलो. अशानं खालचा आवाज छातीत घुमतो, लई भारी वाटतं. परत वाजवलं. त्याचा आवाज त्याच जागी फाटला. फाटणारच ना. ध्रुवपद मी बाकीच्या सहा तारांवर वाजवतो, आणि त्या होत्या तिथंच होत्या. गिटार भारदस्त झाली, त्याच्या गळ्याला फायदा शून्य.

तेवढ्यात बाबा चहा घेऊन वर आले. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. आमचं संगीत त्यांना अजिबात सोसत नाही, पण हा पोरगा त्यांच्या लाडाचा. त्यांनी त्याचा चेहरा बघितला आणि मला विचारलं, "याची पट्टी कोणती?"

"म्हणजे?"

"अरे, हा कोणत्या सुराला सुखानं गातो? आमच्यात पेटीवाला बसला की गाणाऱ्याला आधी हेच विचारतो."

आमच्यात सगळं गिटारवर ठरायचं, आणि गिटार म्हणजे मी. परदेशातल्या कुठल्या बँडनं काय लावलंय ते बघून मी तारा लावायचो आणि याला सांगायचो, बसव ह्यात.

बाबांनी पेटी वर आणली, त्याला समोर बसवलं. "जोर लावू नको बेटा. सहज सा धर." मागंपुढं करत ते पेटीच्या काळी एक पट्टीवर थांबले. तिथं त्याचा आवाज खरखरीत होता, पण सरळ होता. आमचं गाणं होतं पांढरी तीनला. म्हणजे तीन पायऱ्या वर.

"ऑपरेशनच्या आधी कुठं बरं वाटायचं तुला?" बाबांनी विचारलं.

"आधीबी हितंच, काका. वर ताण पडायचाच. पण गिटार तिथं होती ना."

त्यानं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, म्हणून जास्त लागलं. आठ वर्षं हा माणूस माझ्या तारांसाठी गळा ताणत होता, आणि मी त्यालाच सुनावायचो, रियाज कर, लक्ष कुठंय तुझं. त्या ताणाचा आणि गाठीचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी मला लाज वाटली ती वाटलीच.

मग मी सातवी तार आधी पूर्वीसारखी केली आणि सातही तारा सारख्या तीन-तीन पायऱ्या उतरवल्या. बोटं तीच, गाणं तेच, फक्त सगळंच खाली. पण तारा पायजम्याच्या नाडीसारख्या लोंबायला लागल्या, कुठंही दाबलं की झणझणायच्या. जाड तारांचा सेट मागवला, तर सातवी तार गिटारच्या मानेच्या टोकाला असलेल्या तिच्या खाचेत बसेना. खाच एकदा मोठी केली की जुन्या बारीक तारा तिथं परत नीट बसत नाहीत. मी कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो, दिवसभर कानस हातात असते, पण त्या दिवशी हात थांबला. ही गिटार मी बायकोलाही उचलू देत नाही. तरी शेवटी कानस घेतली आणि खाच घासली.

रविवारी त्याला फोन केला. "नको यार, उगाच," म्हणाला. मी चिडलो नाही, हे विशेष. म्हणालो, "तुझ्या काळी एकला लावलीय. ऐकायला तरी ये."

आला. बेसवाल्यानंही तारा उतरवल्या होत्या, ड्रमवाल्यानं चार मोजले. ध्रुवपद जवळ आलं तसा मी मान खाली घातली, त्याच्याकडं बघायची हिंमत होईना. आवाज चढला, एका जागी कापला आणि पुढं गेला. फाटला नाही. गाणं संपलं तेव्हा माझे डोळे भरले होते. ते लपवायला मी उगाच खुंट्या पिळायला घेतल्या.

"त्याला हात लावू नको," तो माईकमधून म्हणाला. "बरोबर लागलीय. परत घे, पहिल्यापासून."