गोडाऊनच्या गावातलं बॅडमिंटन

आमच्या चुलत सासऱ्यांनी बंगल्यामागे पोहण्याचा तलाव बांधला, तेव्हाच मी ओळखलं की आता आमच्याकडेही काहीतरी बांधलं जाणार. भिवंडीबाहेर, वडप्याजवळच्या आमच्या गावात असंच चालतं. शेतं गोडाऊनला गेली, घरबसल्या भाडं यायला लागलं आणि लोकांच्या हाताला काम म्हणून एक स्पर्धाच उरली. एकाने गेटावर सिंह बसवले की दुसरा हत्ती बसवतो. तलावात पुढे शेवाळ धरलं आणि त्या घरात पोहता कुणालाच येत नव्हतं, हा भाग वेगळा. सासऱ्यांना भावापेक्षा वरचढ व्हायचं होतं. ठाण्यातल्या बड्या सोसायट्यांत बॅडमिंटन कोर्ट असतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि मागच्या अंगणातला भेंडीचा वाफा दुसऱ्याच दिवशी उखडला.

मला कुणी काही विचारलं नाही. वास्तविक त्या घरात रॅकेट धरता येणारी मी एकटीच. मी भिवंडी शहरातली, कारकुनाची मुलगी. कॉलेजकडून खेळायचे, आणि चांगली खेळायचे. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "अजून खेळते का?" माझी मावशी घाईघाईने म्हणाली, "छे छे, आता सोडलं." जणू मला तंबाखूचं व्यसन होतं. लग्न ठरलं, रॅकेट माहेरच्या माळ्यावर गेली आणि मी वीस वर्षं भाकऱ्या थापल्या. त्यामुळे कोर्ट होणार म्हटल्यावर मी मनातल्या मनात रॅकेट माळ्यावरून खाली काढली, पण कुणाला सांगितलं नाही. मला खेळायचं होतं. फार खेळायचं होतं.

कोर्ट बांधणारा माणूस ठाण्याहून रंगांचे नमुने घेऊन आला. सासऱ्यांना जमिनीचं एकच काम ठाऊक, ते म्हणजे गोडाऊनची फरशी. ते म्हणाले, "कंटेनर चढला तरी दबला न्हाय पायजे." तो बिचारा समजावत राहिला की यावर माणसंच धावणार आहेत, तीही दोन किंवा चार. शेवटी दोन ट्रेलर उभे राहतील एवढं सिमेंट ओतून त्यावर निळा रंग चढला आणि पांढऱ्या पट्ट्या उमटल्या. मग पूजा. सासरे कोर्टाच्या मधोमध नारळ फोडायला निघाले, तेव्हा तो माणूस अक्षरशः मध्ये आडवा पडला. नारळ बाहेर पायरीवर फोडला गेला. सासऱ्यांच्या मते त्यामुळेच पूजा पुरती फळली नाही.

नवीन सोफ्याचं प्लास्टिक आमच्याकडे वर्षभर काढत नाहीत. कोर्टाचंही तेच झालं. त्यावर ताडपत्री अंथरली गेली. पाहुणे आले की सासरे ती एका कोपऱ्यातून उचलून निळा रंग दाखवायचे. पाहुणे वाकून हात लावायचे, "मस्त हाय" म्हणायचे आणि जेवायला बसायचे. खेळण्याचा विषय कुणी काढला नाही. देवळात गेल्यावर देवाशी गप्पा मारायच्या असतात असं थोडंच कुणाला वाटतं?

शेवटी मीच नवऱ्याला म्हटलं, "उद्या सकाळी खेळू या." त्याला गंमत वाटली. त्याने नवीन बूट आणले, कपाळाला पट्टा बांधला आणि तीन शटल परतवून धापा टाकत खाली बसला. पण दुसऱ्या दिवशीही आला, त्याबद्दल मी त्याला मानते. मी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून खेळायचे. सासरे अंगणातच खुर्ची टाकून बसत, पण कोर्टाकडे पाठ करून. सुनेला धावताना सासऱ्याने बघायचं नाही, हा त्यांचा रिवाज. मला काही सांगायचं असलं तरी ते सासूबाईंमार्फत सांगत. एकदा चहाच्या वेळी त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलं, "आज कोन जिंकला?"

"रोज तीच जिंकते," सासूबाई म्हणाल्या.

गाडं अडलं ते वाऱ्यापाशी. उघड्यावर शटल भलतीकडेच उडायचं, आणि पुढे पावसाळा होता. नवऱ्याने वरती पत्रा टाकायचं काढलं. पत्रा टाकणारे गावचेच. बॅडमिंटनला छप्पर उंच लागतं, मालालाही उंच लागतं. वारा नको म्हणून तिन्ही बाजू बंद झाल्या आणि पुढे शटर बसलं, कारण शटराशिवाय काम पुरं होतं हे आमच्या गावात कुणाला पटलंच नसतं. उभं राहून पाहिलं तर ते गोडाऊन होतं. खाली कंटेनर पेलणारी फरशी होतीच.

आठवडाही गेला नाही तोच एक ट्रान्सपोर्टवाला आला. आत डोकावून सासऱ्यांना म्हणाला, "सेठ, ये तो बना-बनाया गोडाऊन है. कल नापने आता हूँ."

रात्री जेवताना नवऱ्याने विषय काढला. भाडं चांगलं येईल, रिकामी जागा कशाला ठेवायची, आणि तुला काय, ठाण्याला क्लब लावून देतो. मी वाढता वाढता थांबले. रिकामी जागा? मी रोज सकाळी तिथे असते ती कोण? मला भयंकर राग आला. आजवर सासऱ्यांसमोर मी आवाज चढवला नव्हता, तो चढला. म्हटलं, "दिवसाचे तेवीस तास तुमचे आहेत. त्या एका तासात मला माझ्यासारखं वाटतं. तो मी भाड्याने देणार नाही." नवऱ्याने पाण्याचा तांब्या उगाच उचलून परत ठेवला. सासरे हात धुवायला उठले आणि तसेच झोपायला गेले. मी समजले, निकाल लागला.

तरी सकाळी गेले. म्हटलं, शेवटचं तर शेवटचं. नवरा पलीकडे बूट बांधत होता, तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. ट्रान्सपोर्टवाला मोजायची पट्टी घेऊन आला होता. मी सर्व्हिससाठी शटल हातात धरलं आणि शटराबाहेरून सासऱ्यांचा आवाज आला.

"जागा न्हाय."

"अरे सेठ, कल तो खाली थी."

"खाली न्हाय. आमची सून खेलते तिथं."

माझी सर्व्हिस सरळ नेटमध्ये गेली.